शाळेतलं गाढव

"अजून ओलं आहे," असं त्या म्हणायच्या.

मातीबद्दल म्हणायच्याच, पण बाकी सगळ्याबद्दलही म्हणायच्या. उद्या येणार का, असं विचारलं की, "बघू, अजून ओलं आहे." भाचीचं लग्न ठरलं का, तर ते ओलं आहे. आमच्या नव्या मुख्याध्यापिका कशा वाटल्या असं मी एकदा हळूच विचारलं, तर त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "ओल्या आहेत. एवढ्यात काय सांगणार?" सुरुवातीला मला वाटायचं, बाई उत्तर टाळतात. पुढे त्यांना काम करताना पाहिलं तेव्हा कळलं की एखादी गोष्ट लवकर वाळू द्यायला त्यांचं मनच घ्यायचं नाही.

त्या शिल्पकार होत्या. पंचवटीतल्या आमच्या शाळेत त्या आल्या त्या एका अनुदानामुळे. एका कंपनीने शाळांच्या बागांमध्ये शिल्पं उभी करण्यासाठी निधी दिला होता आणि आमच्या शाळेचा अर्ज मंजूर झाला होता. काय करायचं तेही ठरलेलं होतं: पुस्तक वाचणारी मुलगी. दगडावर बसलेली, दोन वेण्या, मांडीवर उघडं पुस्तक. तुम्हीही अशी मुलगी कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिली असेल. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि परसबाग माझ्याकडे आहे, म्हणून बाईंना काय हवं-नको ते बघायचं कामही माझ्याकडे आलं.

बाई पन्नाशीच्या पुढच्या. सुती पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात चष्मा आणि लाकडाची एक छोटी पट्टी. गाव सटाण्याकडचं. वडील एसटीत कंडक्टर होते. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी खोलात विचारलं तर तेही ओलंच असायचं. आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण गावाहून आईचा फोन आला की एका क्षणात अहिराणी सुरू व्हायची. "हां माय, बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे, असं म्हणून त्या बागेच्या कडेला फेऱ्या मारत बोलायच्या आणि मुलं त्यांची नक्कल करायची.

पाथर्डी फाट्याच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. पोट चालायचं ते पुतळ्यांवर. कुणाचे दिवंगत वडील, कुणाचे संस्थापक, कुठल्या चौकातला नेता. अशा कामांबद्दल त्या कधी नाक मुरडत नसत. चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. त्याला वडिलांचा अर्धपुतळा हवा होता. फोटोत वडील रागावलेले दिसत होते, तर मुलं म्हणाली, जरा हसरे करा. बाईंनी हसरे केले. पुतळा दाखवायला नेला तेव्हा सगळे खूश झाले. आतून म्हाताऱ्या आईला आणलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कोण?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, परत आणले आणि रागावलेले केले. दुसऱ्यांदा नेले तेव्हा म्हातारीने डोक्यावर पदर घेतला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते कुठला पुरस्कार मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे आल्यावर त्या लगेच कामाला लागतील असं वाटलं होतं. पण त्या नुसत्या बागेत बसायच्या. जास्वंदीच्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची टाकून सकाळच्या प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत. हातात मातीचा एखादा गोळा, तोही फक्त दाबायचा आणि परत गोल करायचा. मुख्याध्यापिका खिडकीतून बघायच्या आणि मला बोलवून विचारायच्या, "त्या सुरू कधी करणार?"

त्यांना सोबत असायची ती शिक्षा झालेल्या मुलांची. आमच्याकडे वर्गाबाहेर काढलेली मुलं बागेत पाठवायची पद्धत आहे, त्यांनी तण काढायचं. त्या वर्षी सातवी ब हा वर्ग जवळजवळ बागेतच भरत होता. पाठवणारे बहुतेक वेळा गणिताचे सर असत. सर मनाने वाईट नव्हते, पण आवाज मोठा आणि शब्द एकच. त्यांच्या वर्गाच्या खिडक्या बागेकडे उघडतात आणि दिवसभर त्या खिडक्यांमधून "गाढवा", "अरे गाढवा", "गाढव आहेस का" असं ऐकू यायचं.

एक दिवस बाई मला म्हणाल्या, "तुमच्या शाळेत एकाच प्राण्याचं नाव घेतात."

मी हसले. त्यांनी तण काढत असलेल्या मुलांना जवळ बोलावलं आणि विचारलं, तुमच्यापैकी कोणी गाढव पाहिलंय का. सगळ्यांनी पाहिलं होतं. मोबाइलवर पाहिलं होतं, रस्त्यात लांबून पाहिलं होतं. अंगावर हात कोणी फिरवला होता का? कोणीच नाही. त्याच्या पाठीवर काळी रेघ असते ती माहीत आहे का? नाही. बाईंनी हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "यांना घेऊन जाऊ या का?"

परवानगी काढून आम्ही सातवी ब ला नदीकाठी वीट आणि वाळू वाहणाऱ्या कुटुंबाकडे नेलं. गाढवांचा मालक आधी बिचकला, एवढी मुलं कशाला आली म्हणून. कारण कळल्यावर त्याने सगळ्यात शांत गाढवीण पुढे आणली. मुलं आधी खिदळत होती. मग एकेकाने कपाळावर हात ठेवला, कान चाचपले, आणि खिदळणं थांबलं. वर्गातली सगळ्यात दंगेखोर मुलगी तिच्या मानेला टेकून उभी राहिली आणि हलायलाच तयार होईना. "मॅडम, हिच्या पापण्या बघा ना," एवढंच ती मला म्हणाली. बाई बाजूला बसून चित्रं काढत होत्या. गाढविणीची कमी, मुलांची जास्त.

त्यानंतर त्या आठवडाभर शाळेत आल्या नाहीत. आल्या त्या थेट संस्थेच्या बैठकीला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा नमुना घेऊन.

त्या बैठकीत मी होते. संस्थेचे अध्यक्ष, दोन विश्वस्त, मुख्याध्यापिका, शिक्षकांतर्फे गणिताचे सर आणि मी. बाईंनी नमुना टेबलावर ठेवला, फडकं काढलं. गाढव होतं. उभं, मान जराशी खाली, पाठ रुंद.

मग एका विश्वस्ताने विचारलं, मुलगी कुठे आहे?

बाईंनी सांगितलं की मुलगी नाही. वाचणारी मुलगी त्यांनी पुष्कळ शाळांमध्ये बसवली होती. उद्घाटनाला तिला हार घालतात, पुढे तिच्या पुस्तकात पाणी साचतं आणि डास होतात. तिच्या शेजारी जाऊन बसलेलं मूल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. याच्या पाठीवर मुलं बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. शाळेत गाढव उभं करायचं म्हणजे काय, पालक काय म्हणतील, समोरची शाळा काय म्हणेल. दुसरे विश्वस्त म्हणाले की उद्या लोक आपल्या शाळेला गाढवांची शाळा म्हणून ओळखतील. मुख्याध्यापिकांना कंपनीची काळजी होती. मंजुरी मुलीला मिळालेली, आता बदल केला तर अनुदान परत जाणार, आणि वर शाळेचं नाव खराब. गणिताच्या सरांना तर हे सगळं आपल्यालाच टोचायला केलंय असं वाटलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की हा शिक्षकांचा अपमान आहे. मला दोन्ही बाजू कळत होत्या आणि मी पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले होते.

बाई वाद घालत नव्हत्या. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "मुलगीच हवी असेल तर चांगलं करणारे पुष्कळ आहेत, मी नावं देते. माझ्याकडून आता ती व्हायची नाही." आणि फडकं परत घालायला लागल्या.

"थांबा जरा," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे. शाळा काढणाऱ्यांपैकी एकाचे चिरंजीव आणि याच शाळेचे विद्यार्थी. बैठकीत ते सहसा डोळे मिटून बसत आणि शेवटी सही करत. त्यांनी नमुना स्वतःकडे ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि जवळून बघायला लागले.

"कान चुकलेत तुमचे," ते म्हणाले. "एवढे ताठ नसतात. ओझं उतरवलं की गाढव कान सैल सोडतं."

मग ते सावकाश बोलत राहिले. शाळेची इमारत बांधली तेव्हा ते लहान होते. विटा आणि वाळू नदीकडून गाढवांवर यायची. ओझं उतरलं की गाढवं मोकळी परत जायची आणि हे गुपचूप एखाद्याच्या पाठीवर बसून नदीपर्यंत जायचे. घरी आईचा मार खायचे, दुसऱ्या दिवशी परत जायचे. पायऱ्यांचं काम चालू असताना त्यातलं एक गाढव ओझ्यासकट खाली बसलं ते उठलंच नाही. "वडिलांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं," ते म्हणाले. "इमारतीच्या उद्घाटनाला सगळ्यांचे आभार मानले. ते भाषण मी ऐकलंय. गाढवांचं नाव राहून गेलं."



बाईंनी नमुना त्यांच्या आणखी जवळ सरकवला. "ओलं आहे अजून. कान तुम्हीच करा."

अध्यक्षांनी बाह्या मागे सारल्या. त्यांनी आधी एक कान मागे वळवला, मग दुसरा. दुसरा जरा जास्तच खाली आला. तो नीट करायला गेले तर बाईंनी त्यांचा हात अलगद बाजूला केला. "राहू द्या. झालं."

गाढव मंजूर झालं. पुढे मोठं शिल्प केलं तेव्हा बाईंनी तो कान तसाच, डावा थोडा खाली, बरोबर त्या बोटांनी केला तसा ठेवला. आजही बघायला आलेले जाणकार लोक ती चूक दाखवतात. आम्ही काही बोलत नाही.

काम सुरू झालं आणि मग मला त्या बाई खऱ्या कळल्या. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचे थर. बसलेल्या खुर्चीतून तासन्‌तास न उठणारी ही बाई आता बसेचना. सळई वाकवायला माणूस असायचा, पण पाठीचा बाक त्यांनी स्वतः वाकवला. सातवी ब च्या मुलांना एकेक करून सांगाड्याशेजारी उभं करायच्या आणि पाठीची उंची बघायच्या. सगळ्यात बुटक्या मुलालाही चढता यावं म्हणून त्यांनी गाढवाच्या पोटाशी एक दगड ठेवला, जणू ते दगडाशी येऊन थांबलंय. हातमोजे घालून त्यांना काम जमायचं नाही. सिमेंटने बोटं फुटली, लाल झाली. खोकलाही होता तेव्हापासूनच. धूळ आहे, जाईल, म्हणायच्या.

एकदा मी मलम घेऊन गेले तर त्यांच्या खुर्चीवर एक ट्यूब आधीच ठेवलेली होती. कोणी ठेवली ते त्यांनी सांगितलं नाही. पण गणिताचे सर त्या काळात रोज सकाळी बागेतून वळसा घालून वर्गावर जायला लागले होते. आधी लांबूनच बघायचे. मग एक दिवस म्हणाले की पाच-सहा मुलं एकदम बसली तर चारही पायांवर भार सारखा येणार नाही, पुढच्या पायांत सळई जाड हवी. बाईंनी त्यांना खडू दिला. सरांनी फरशीवर गणित मांडलं आणि सळई बदलली गेली. त्या दिवसापासून सरांच्या वर्गातून गाढव हा शब्द ऐकू येईनासा झाला. काही दिवस सर नुसतेच खाकरायचे. मग "रेड्या" सुरू झालं. बाई खिडकीकडे बघून मला म्हणाल्या, "पुढच्या अनुदानात रेडा."

कंपनीची पाहणी बाकी होती. एक तरुण अधिकारी मुलगी आली. हातात टॅब, टॅबमध्ये वाचणाऱ्या मुलीचं चित्र. तिने समोर बघितलं, परत टॅबकडे बघितलं. मुख्याध्यापिकांनी समजावून सांगितलं, अध्यक्षांचं पत्र दाखवलं. ती ऐकून घेत होती, पण तिला वर अहवाल द्यायचा होता. "यातून मुलांना मेसेज काय जातो?" तिने बाईंना विचारलं.

"मेसेज नाही. बसता येतं."

मग तिने सुचवलं की निदान पाठीवर पुस्तकांची ओझी तरी दाखवू या, म्हणजे शिक्षणाशी संबंध राहील. बाईंनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पुस्तकं लादली तर मुलं कुठे बसतील?" शेवटी कागदावर शिल्पाचं नाव 'श्रमप्रतिष्ठा' असं लिहायचं ठरलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. कागदावर काय लिहायचं याबद्दल बाईंचं कधीच काही म्हणणं नसे. मुलांनी त्याचं नाव आधीच ठेवलं होतं. मॉनिटर.

उद्घाटनाला बाई व्यासपीठावर बसल्या नाहीत. आईला सटाण्याहून आणलं होतं, तिच्याशेजारी मागे कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. पडदा बाजूला झाला. त्यांची आई, नऊवारीतली, कमरेत वाकलेली, पुढे सरकून नीट बघून आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात लेकीला म्हणाली, "इतलं शिकीसन गधडं बनाडं का?" एवढं शिकून शेवटी गाढव केलंस का, असं. अहिराणी न कळणाऱ्यांनाही ते कळलं. बाई एवढ्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि मी त्यांना पाणी आणून दिलं. तोवर मुलांनी पाहुण्यांचं भाषण सुरू व्हायची वाट न बघता मॉनिटरवर चढायला सुरुवात केली होती. आईने ते पाहिलं. मग तिने लेकीचा फुटलेला हात हातात घेतला आणि भाषणं संपेपर्यंत सोडला नाही.

कोणत्याही पालकाने तक्रार केली नाही. समोरची शाळा काय म्हणाली ते ठाऊक नाही, पण त्यांची मुलं सुट्टीच्या दिवशी कुंपणावरून उड्या मारून येतात. मॉनिटरची पाठ आता इतकी गुळगुळीत झाली आहे की उन्हात चमकते. निकालाच्या दिवशी काही मुलं त्याच्या मानेशी जाऊन उभी राहतात. आम्ही तिकडे बघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तो खोकला धुळीचाच होता, पण जाणारा नव्हता. वर्षानुवर्षांचं प्लास्टर, फायबर, सिमेंट छातीत बसलं होतं. आजारी आहेत हे त्यांनी कोणाला कळूच दिलं नाही, मला कळलं तेव्हा त्यांना सटाण्याला नेलं होतं. गणिताचे सर आणि मी एसटीने त्यांच्या आईला भेटायला गेलो. आई ओसरीवर बसली होती. तिने आम्हाला ओळखलं आणि गाढव कसं आहे ते विचारलं. सरांनी सांगितलं, चांगलं आहे, सगळ्या मुलांचं लाडकं आहे. आणि मग सर उठून अंगणात गेले.

पाथर्डी फाट्याचं शेड दुसऱ्या कोणीतरी भाड्याने घेतलंय. मंडपाच्या खुर्च्या ठेवतात तिथे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात, द्वारका चौकात. सिग्नलला माझ्या गाडीशेजारी एक टेम्पो येऊन थांबला. मागे कुठल्यातरी पुढाऱ्याचा पूर्णाकृती पुतळा दोरांनी बांधून उभा केलेला, चेहऱ्यावर गोणपाट, आणि त्याच्या पायाशी, त्याच्या सावलीत बसून बाई डबा खात होत्या. मालेगावला पुतळा पोचवायला निघाल्या होत्या. वाळल्यासारख्या दिसल्या, पण चेहरा प्रसन्न. मी विचारलं, पुतळ्यासाठी एवढं मागे कशाला बसायचं, ड्रायव्हरशेजारी बसा की. तर म्हणाल्या, "हे पहिल्यांदाच बाहेर निघालेत. सोबत हवी."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, जेवलात का. मी नाही म्हणाले. त्यांनी एका पोळीत मेथीची भाजी भरली, गुंडाळली आणि टेम्पोच्या फळीवरून वाकून माझ्या हातात दिली. तेवढ्यात सिग्नल सुटला. टेम्पो निघाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी हातात पोळी घेऊन कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तिथेच उभी राहून, टेम्पो आडगावच्या बाजूला दिसेनासा होईपर्यंत, ती खाल्ली.